शेवटच्या रांगेला दिसणारा म्हातारा: कॉलेजच्या एकांकिकेसाठी रंगभूषा आणि केशभूषा

विशीतल्या पोराला सत्तरीचा आजोबा करायचं ठरलं की ग्रुपमधलं कुणीतरी हमखास काळी आयब्रो पेन्सिल उचलतं आणि वहीत समास आखावा तशा कपाळावर तीन रेघा ओढतं. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांना त्या रेघाच दिसतात, म्हातारा दिसत नाही. शेवटच्या रांगेला तर रेघाही दिसत नाहीत. तिला दिसतो काळ्याभोर, दाट केसांचा एक पोरगा, जो कमरेत वाकून उगाच खोकतोय.

कोल्हापुरात कॉलेजच्या एकांकिकांना रंग लावता लावता माझं एक मत पक्कं झालंय. माणसाचं वय आणि पेशा लांबून कळतो तो डोक्यावरून. केसांची कड कपाळावर कुठं सुरू होते, तेल किती चोपडलंय, पदर कुठं थांबलाय, टोपी सरळ आहे की कलती, हे आधी दिसतं. चेहरा त्यानंतर. म्हणून इथेही केस आधी आणि तोंडाला रंग नंतर.

समजायला सोपं जावं म्हणून एक एकांकिका धरून चालू. कागल भागातलं एक गुऱ्हाळघर. पात्रं पाच. एकेकाळी कुस्तीच्या तालमीत नाव काढलेले आजोबा, वय 72. त्यांची सून, जी नाटकभर 45 वर्षांची आहे आणि एका आठवणीच्या प्रसंगात 20 वर्षांची नवी नवरी. चुलवाणात, म्हणजे गुळाच्या मोठ्या चुलीत, उसाची वाळलेली चिपाडं सारणारा कामगार. दारावर येणारी जोगतीण, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेली बाई. आणि पुण्याहून सुट्टीला आलेला नातू.

संहिता पेन्सिल घेऊन वाचा

पहिल्या वाचनाला रंगभूषा करणाऱ्याने हजर राहायचंच. आपल्याकडे हा माणूस प्रयोगाच्या आदल्या दिवशी शोधतात आणि मग त्याच्याकडून जादूची अपेक्षा करतात. वाचताना प्रत्येक पात्रासमोर लिहा: वय, उन्हात किती असतो, पोटाला पुरेसं मिळतं का, आज सकाळी आरशात बघितलं असेल का, डोक्यावर काय आहे, आणि ते रंगमंचावर काढतो का.

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. आजोबांच्या डोक्यावर टोपी नाटकभर राहणार असेल तर टोपीखालून दिसणारे कल्ले आणि मानेवरचे केस एवढेच पांढरे करायचे. पण संहितेत ‘आबा टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात’ एवढी एक ओळ असली तरी सगळं डोकं तयार करावं लागतं. ती ओळ प्रयोगाच्या दिवशी लक्षात आली तर काय होतं, ते मी बघितलंय. टोपीच्या वर्तुळात काळं रान, खाली पांढरं कुंपण.

उन्हात राबणाऱ्या माणसाने टोपी काढली की कपाळाचा वरचा पट्टा उजळ दिसतो. चेहरा रापलेला आणि टोपीखालची कातडी तिच्या मूळ रंगाची. हा फरक स्पंजाच्या दोन हातांत दाखवता येतो आणि तो संवादाशिवाय अर्धं चरित्र सांगून जातो.

चेहरे बाजारात बघा

नेटवर ‘ओल्ड एज मेकअप’ शोधलंत तर परदेशी चेहरे मिळतील. गोऱ्या कातडीवरच्या सुरकुत्या वेगळ्या पडतात आणि वेगळ्या दिसतात. त्यापेक्षा सकाळी लक्ष्मीपुरीच्या बाजारात अर्धा तास उभे राहा, नाहीतर रंकाळ्यावर फिरायला येणारी म्हातारी माणसं बघा. फोटो काढू नका, कुणालाच आवडत नाही. घरी येऊन आठवणीतून काढा. आठवणीत जेवढं उरलं तेवढंच शेवटच्या रांगेला दिसणार असतं.

पैलवानासाठी तालमीत जा. जुन्या पैलवानाचा कान ही त्याची ओळख. मातीत आणि पकडीत कान घासून-चिरडून आत रक्त साठतं, मग तो कान कायमचा जाड आणि सुरकुतलेला राहतो. बाहेरगावच्या प्रेक्षकाला हा तपशील नसला तरी चालेल. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला मात्र ‘मी खासबागेत कुस्ती मारली’ म्हणणाऱ्या आबांचा कान सुबक दिसला की तो मनातल्या मनात हसतो. कानाच्या पाळीच्या आतली खोलगट जागा कातडीच्या रंगाच्या मेकअप वॅक्सने भरा, वरची कड जाड करा, वर बेस (कातडीच्या रंगाचा पहिला थर) आणि पावडर. एका कानाला दहा मिनिटं लागतात. प्रेक्षकांकडे जो कान जास्त वेळ असेल तोच करा.

दिग्दर्शकाआधी प्रकाशयोजना करणाऱ्याला भेटा

ही माझ्या चुकीची शिकवण आहे. एका प्रयोगात नवरीला लालभडक कुंकू, लाल ओठ, गालावर लाली असा साज केला होता. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली देखणी दिसत होती. आठवणीचा प्रसंग सुरू झाला, निळा प्रकाश पडला आणि पोरीचे ओठ काळे, कपाळावर काळा ठिपका. मधुर आठवणीऐवजी भुताटकी.

कारण साधं आहे. लाल रंग लाल दिसतो तो लाल प्रकाश परत फेकतो म्हणून. निळ्या किंवा हिरव्या प्रकाशात लाल जवळजवळ नसतोच, मग परत फेकायचं काय? तो काळपट होतो. उलट लाल प्रकाशात गालांची लाली फिकी पडते. अंबर, म्हणजे पिवळसर-केशरी प्रकाशात कातडी उबदार दिसते, त्यात फारशी अडचण येत नाही. आता बहुतेक ठिकाणी ‘एलईडी पार’ नावाचे रंगमंचाचे दिवे आहेत आणि बटण दाबलं की कुठलाही रंग येतो. त्यामुळे कुठल्या प्रसंगात कुठला रंग, हे वहीत उतरवून घ्या. निळा प्रसंग टळत नसेल तर ओठांना गडद लालऐवजी फिकट केशरी-गुलाबी छटा वापरा आणि कुंकू आकाराने लहान ठेवा.

शुभ्र पांढऱ्याचंही तसंच. थंड एलईडीखाली शुभ्र केस निळसर चमकतात. पांढऱ्यात चिमूटभर पिवळट किंवा राखाडी रंग मिसळलेला बरा.

आता केस

पांढऱ्या केसांसाठी टाल्कम पावडर वापरू नका. आजोबांच्या डोक्यावर सून नुसता पदर झटकते आणि धुरळा उडतो, शोकांतिकेत हशा पिकतो. पांढरा पॅनकेक (वडीसारखा घट्ट मेकअपचा रंग) घ्या, ओला जुना टूथब्रश त्यावर फिरवा आणि केसांच्या मुळांकडून टोकाकडे न जाता आधी उलट दिशेने हलके ओढा, मग कंगव्याने बसवा. उलट ओढल्याने रंग केसांच्या वरच्या कडांवर बसतो आणि मध्ये काळं उरतं, खऱ्या पिकलेल्या केसांसारखं. सुरुवात कानशिलांपासून आणि कल्ल्यांपासून. बायकांना भांगाजवळ जास्त. भुवयांचे सगळे केस पांढरे करायचे नाहीत, मधले चार-पाचच.

पॅनकेक पाण्यात कालवायचा, त्यामुळे तेलकट केसांवर धरत नाही. नटाला आदल्या दिवशी डोकं धुवायला सांगा आणि सकाळी तेल लावू नको म्हणून आईसमोर बजावा, कारण प्रयोगाच्या दिवशी आई चंपी करूनच पाठवते.

कपाळ मोठं दाखवायचं असेल तर पुढचे केस जेलने मागे चापून बसवा आणि कडेच्या केसांच्या मुळांवर कातडीच्या रंगाचा बेस ठिपक्यांनी लावा. केसांची कड बोटभर मागे गेली की दहा वर्षं वाढतात. टकलाची रबरी टोपी विद्यार्थ्यांनी शक्यतो टाळावी. तिची कड कपाळावर लपवणं हे मुरलेल्या हाताचं काम आहे, आणि आपल्याकडे टोपी, पटका, मुंडासं असताना तो हट्ट कशाला?

दाढीचा सगळ्यात स्वस्त आणि खरा उपाय म्हणजे न करणं. दाढी महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढते. कामगाराचं काम करणाऱ्याला 10 दिवस आधीच वस्तरा बंद करायला सांगितलं की काम झालं. ज्याला दाढीच येत नाही त्याला जाड छिद्रांच्या स्पंजाने राखाडी-तपकिरी ठिपके द्या. स्पंज घासायचा नाही, टेकवायचा आणि उचलायचा.

आजोबांच्या झुपकेदार मिशांसाठी क्रेप केस, म्हणजे चिकटवायचे खोटे केस. ते दोरीत वेणीसारखे गुंफलेले मिळतात. गाठ सोडून पाण्याचा हात फिरवा, कोमट इस्त्रीखाली सरळ करा, नाहीतर मिशी मेंढीची दिसते. नटाने सकाळी दाढी केलेली असावी. वरच्या ओठावर तेल-क्रीम काही नको. स्पिरिट गमचा (कातडीला केस चिकटवायच्या गोंदाचा) पातळ हात द्या आणि बोटाने टिपत राहा. बोट चिकटून सुटायला लागलं की केस लावा. लगेच लावले तर घसरतात. ओठांच्या कोपऱ्यांपासून सुरू करून मधल्या खळीकडे या, ओलसर सुती फडक्याने दाबा, वाळल्यावर कात्रीने कातरा. जास्तच लावून नंतर कमी करायचं, उलट कधी नाही.

स्पिरिट गम भुरकन पेट घेतो. आपल्याकडे प्रयोगाआधी मेकअपच्या टेबलावरच नटराजाला उदबत्ती लावतात आणि शेजारी बाटली उघडी असते. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 च्या एका रात्री जळताना या गावाने बघितलंय. पूजा करा, पण बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवून.

सुनेच्या केसांवर जास्त वेळ घालवा, कारण तिचं सगळं वय तिथेच आहे. 20 वर्षांची नवरी: मधला भांग, गंगावन (खोट्या केसांचा शेपटा) घालून लांब वेणी, गजरा. 45 वर्षांची: तेल लावल्यासारखे जेलने चापलेले केस, मानेवर बसका अंबाडा, भांगापाशी थोडे पांढरे, आणि कामाने सुटलेल्या दोन बटा. अंबाड्याला भरीव आकार हवा असेल तर काळ्या मोज्याचा पुढचा भाग कापून त्याची गोल चुंबळ करा, शेपटा त्यातून ओढून केस भोवती पसरा, वर जाळी आणि यू पिना. गंगावन नवं असेल तर ते फार चमकतं आणि प्रकाशात वेगळं उठून दिसतं. त्यावर थोडी पावडर चोळून झटका. आणि ते घट्ट बांधा. फुगडी घालताना सुटून पडलेलं गंगावन विंगेतून उचलायला जाता येत नाही.

आता प्रश्न असा की नाटकाच्या मध्येच 45 ची 20 कशी होणार? विंगेत मिनिटभर मिळतो. रंग वाढवणं सोपं, पुसणं अवघड. म्हणून चेहरा तरुणच ठेवा, फक्त लाली न देता. वय सगळं केस, पदर, कुंकू आणि चष्म्यावर टाका. अशा वेळी चुंबळ आणि पिना सोडा, अंबाडा एका जाड क्लिपवर तोललेला असावा, आतली वेणी आधीच घातलेली. क्लिप काढली, वेणी पडली, तयार गजरा माळला, ओठांना एक हात. दोन मैत्रिणी लागतात, एक मागे, एक पुढे. ही अदलाबदल तालमीत घड्याळ लावून किमान पाच वेळा करा. भांगातले पांढरे केस? ते नवरीच्या डोक्यावरच्या पदराखाली जातात. पदर हा मराठी रंगभूमीचा फार जुना मित्र आहे.

जोगतीण

हे पात्र कोल्हापूरच्या मातीतलं आहे आणि म्हणूनच त्याचं सोंग होऊ देऊ नका. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेला इथून माणसं जातात, प्रेक्षकांत कुणाची तरी आजी, मावशी असते. डोळ्यांखाली काळं फासून, केस पिंजारून ‘भयाण’ करणं म्हणजे त्या बाईला न बघणं. जट दाखवायची तर ताग काळपट-तपकिरी रंगवून, पिळून, थोड्या डिंकाने बसवा आणि तिच्या खऱ्या केसांत मागून पिनांनी अडकवा. वजनाला हलकी हवी, मान झुकता कामा नये.

मळवट खऱ्या हळद-कुंकवाचा भरू नका. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं आणि तिचं सगळं लक्ष डोळे चोळण्यात जातं. पिवळा आणि लाल क्रीम रंग वापरा, वर पावडर दाबून घ्या. भंडारा हातात असू द्या, चेहऱ्यावर नको.

मग चेहरा

कोल्हापूरच्या रंगभूषेचा विचार करताना मला आनंदराव आणि बाबूराव पेंटर आठवतात. सिनेमाकडे वळण्याआधी हे दोघे चित्रकार नाटकांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर खांब गोल दिसायला रेघ लागत नाही, उजेड आणि सावली लागते. चेहऱ्याचंही तेच गणित.

बेस निवडताना नटाच्या कातडीच्या जवळची छटा घ्या, गळ्याशी लावून बघा. सगळ्यांना दोन छटा गोरं करायची खोड अजून गेलेली नाही, आणि मान, कान, हात मूळ रंगाचे राहिल्याने पोरं मुखवटा घातल्यासारखी दिसतात. गरीब दाखवायला तोंड काळं करणं ही त्याच खोडीची दुसरी बाजू. कामगाराला रापलेला दाखवायचा तर नाकाचा शेंडा, गालाची हाडं, मानेचा मागचा भाग आणि हात यांवर तांबूस-तपकिरी रंग द्या. काहिलीच्या (उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) वाफेचा घाम हवा असेल तर ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळून कपाळावर आणि गळ्यावर फवारा, डोळ्यांपासून दूर.

आजोबांसाठी नटाला आरशासमोर बसवा. आधी कपाळाला आठ्या घालायला सांगा, मग डोळे मिचकवायला, मग तोंड वाकडं करायला. त्याच्याच कातडीला जिथं घडी पडते तिथंच त्याचं म्हातारपण येणार आहे. दुसऱ्याच्या सुरकुत्या उसन्या आणू नका. घडीत तपकिरी-तांबूस छटा, एका बाजूला कड स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला बोटाने विरघळवलेली. लगेच शेजारी कातडीपेक्षा उजळ पट्टा. सावली आणि उजेड जोडीने आले तरच घडी वर उठते. कानशिलं, गालाचा खळगा, डोळ्यांखालची पिशवी, नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, एवढं पुरे. काळा रंग कुठेच नको. शेवटी हात: बोटांच्या पेरांवर उजेड, मधल्या हाडांमध्ये सावली. काठी धरलेला गुळगुळीत हात सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

पावडर घासू नका, पफने दाबा आणि जास्तीची ब्रशने उडवा. नातवाला बेसचा पातळ हात, पावडर आणि ओठांना व्हॅसलिन. बस्स.

छोट्या हॉलमध्ये, शाहू स्मारकसारख्या, प्रेक्षक जवळ असतात, तिथे हे सगळं निम्म्यावर आणा. मोठ्या नाट्यगृहात वाढवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो स्वतःच चेहरा गुळगुळीत करतो. रंगीत तालमीला नटाला प्रकाशात उभं करा आणि तुम्ही चालत शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तिथून जे दिसत नाही ते पुसून टाकायला हरकत नाही.

खरेदी आणि कातडी

दोन-तीन छटांचे चांगल्या कंपनीचे स्टिक किंवा पॅनकेक घ्या. क्रायोलानचे महाग वाटतात, पण एका कॉलेजला काही वर्षं पुरतात. जुन्या नाटक मंडळ्यांच्या काळी सफेदा, पिवडी, हिंगूळ असं चालायचं. त्याची नक्कल करायला पूजेच्या दुकानातला शेंदूर-हिंगूळ तोंडाला लावू नका. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि शेंदरात शिसं असू शकतं. होळीचे आणि पोस्टरचे रंगही नकोत.

गम, लेटेक्स, नवा बेस, जे काही असेल ते 24 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज, लाली आली तर दुसरा मार्ग शोधा. काजळ ज्याचं त्याचं वेगळं. पावसाळ्यात डोळ्यांची साथ असते आणि एका कांडीने आख्खा संच घरी बसतो. लिपस्टिक इअरबडने काढून लावा.

प्रयोगाचा दिवस

स्पर्धेत आणि युवा महोत्सवात जागा म्हणजे कुठल्यातरी वर्गातले दोन बाक आणि एक ट्यूब. एक्स्टेन्शन बोर्ड, पिवळसर उजेडाचा बल्ब आणि मोठा आरसा घरून न्या. प्रत्येक पात्राचा चार्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आरशाला चिकटवा.

आमच्या पाच जणांना दोन माणसं रंगवणार असतील तर वेळ अशी धरा: आजोबा 35 मिनिटं, जोगतीण 30, सून 25, कामगार 15, नातू 5. दोघांत वाटलं तरी तासभर, वर 15 मिनिटं गोंधळाची. प्रयोगांचा क्रम ठरवायच्या चिठ्ठीत पहिला नंबर आला तर मिशा आणि जट आधी, बाकीचं जमेल तसं. पुढून बटणं असलेलाच शर्ट घालून यायचं, डोक्यातून टी-शर्ट काढायचा नाही. नऊवारी आधी नेसवा, वर जुनी चादर गुंडाळा, मग रंग.

कॉलेजवर तयार होऊन दुचाकीवर निघू नका. पावसाचं सोडा, हेल्मेटमधून बाहेर पडलेला अंबाडा मी पाहिलाय, तो परत बसत नाही. दमट हवेत रंग लावण्याआधी चेहरा धुऊन बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून फिरवा. विंगेत एकाने टिश्यू आणि पावडर घेऊन उभं राहायचं. घाम टिपायचा, पुसायचा नाही.

प्रयोग संपला की आधी फोटो, मग खोबरेल तेल. भरपूर तेल चोळून रंग सुटू द्या, सुती फडक्याने पुसा, मगच फेसवॉश. आधी साबण लावला की रंग रंध्रांत बसतो. मिशी ओढून काढू नका, कडेला तेल किंवा गम काढायचं द्रव लावून थांबा. भाड्याने आणलेला केसांचा टोप विंचरून परत करा, पण ओला असेल तर त्याच रात्री पिशवीत कोंबू नका. पंख्याखाली रात्रभर ठेवा, नाहीतर बुरशी येते आणि अनामत रक्कम जाते. स्पंज साबणाने धुऊन पिळून वाळत घाला. आणि आजोबांच्या भुवया नीट बघा. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला पांढऱ्या भुवया घेऊन बसलेला एक तरी विद्यार्थी दरवर्षी असतोच.